ताळा जमला का? बिलिंगचा डेटा वेअरहाउसमध्ये नेताना

औषधांच्या होलसेलमध्ये तोटा विकलेल्या मालात होत नाही, रॅकवर पडून राहिलेल्या मालात होतो. कंपनी दहावर एक स्कीम लावते, आपण पेट्या उचलतो, केमिस्ट दोन महिने माल घेतात, मग दुसऱ्या कंपनीची स्कीम येते. एक्स्पायरीला तीन महिने उरले की तोच केमिस्ट ‘तो माल टाकू नका हं’ असं फोनवरच सांगतो. म्हणून आमच्या शेठना एवढंच हवं होतं: येत्या नव्वद दिवसांत एक्स्पायर होणाऱ्या बॅचेस कुठल्या, किती, आणि गेल्या वर्षी ह्याच दिवसांत तो माल कुणी उचलला होता. प्रश्न दोन ओळींचा. उत्तर मात्र दोन वेगवेगळ्या डेटाबेसांत विखुरलेलं.

पहिला सदाशिव पेठेतल्या ऑफिसातला बिलिंगचा सर्व्हर. बाहेरून विकत घेतलेलं सॉफ्टवेअर, खाली मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस. ह्या आवृत्तीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, पण बिलं निघतायत म्हटल्यावर कोण हात लावतो. दुसरा डेटाबेस केमिस्टच्या ऑर्डर अ‍ॅपचा, पोस्टग्रेस, क्लाउडवर. साठा उरुळी देवाचीच्या गोदामात, आणि त्याच्या नोंदी दोन्हीकडे थोड्या थोड्या.

सुरुवातीला शेठचा रिपोर्ट थेट बिलिंगच्या डेटाबेसवरच चालायचा. महिनाअखेरीला तो लावला की काउंटरवर बोंब. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (डेटा साठवणाऱ्या आतल्या इंजिनात) नुसती वाचणारी साधी सिलेक्ट क्वेरी ओळी लॉक करत नाही, हे खरं. पण दोन वर्षांच्या बिलांची प्रत्येक ओळ वाचायला घेतली की बफर पूलमध्ये, म्हणजे मेमरीत, असलेली रोजच्या वापरातली पानं बाहेर ढकलली जातात, डिस्क गुंतते, आणि एरवी चुटकीसरशी सेव्ह होणारं बिल गोल गोल फिरत बसतं. पेठेतल्या गल्लीत स्कूटर आडवी लावून आलेल्या केमिस्टच्या पोऱ्याला बफर पूल कोण समजावणार? तेव्हा प्रत काढायची, ती वेगळीकडे ठेवायची आणि रिपोर्ट तिथे चालवायचे, हे ठरलं. बिलिंगचा डेटाबेस एक ओळ पटकन शोधून पटकन लिहिण्यासाठी बांधलेला असतो. अशी प्रत ठेवून रिपोर्ट चालवायच्या डेटाबेसला वेअरहाउस म्हणतात. तिथे डेटा कॉलमप्रमाणे साठवलेला असतो, त्यामुळे कोटीभर ओळींतून फक्त एक्स्पायरी आणि नग वाचायचे असतील तर तेवढेच दोन कॉलम वाचले जातात.

वेअरहाउस म्हणून गूगलचं बिगक्वेरी घेतलं, मुंबई रीजनमध्ये. कारण निव्वळ व्यवहारी: सर्व्हर सांभाळायला माणूस नाही, आणि महिन्याला पहिला एक टेबीबाइट वाचन फुकट आहे. पुढे किती बाइट वाचले त्यावर पैसे. इथे एक गोष्ट नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगते. साध्या टेबलवर क्वेरीच्या शेवटी लिमिट लावून खर्च कमी होत नाही. दहा ओळी मागितल्या तरी कॉलम सगळा वाचला जातो. खर्च वाचतो तो तारखेप्रमाणे पार्टिशन केल्याने, म्हणजे टेबलाचे भाग पाडल्याने, आणि लागतील तेवढेच कॉलम मागितल्याने.

डेटा कुठून कुठे जाणार ह्याचा नकाशा घेऊन मी अकाउंटंट काकांकडे गेले, कारण आकडे शेवटी त्यांच्याच सहीने पुढे जातात. काकांनी बाण आणि डबे बघितले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हे सगळं ठीक आहे गं. पण जमलं की नाही, हे तुला कळणार कसं?”

मी म्हटलं, एरर आली नाही म्हणजे जमलं.

“एरर तर टॅलीतही येत नाही. म्हणून ताळा कुणी सोडलाय का?”

मग त्यांनीच पॅडवर रकाने आखून दिले. दिवस, शाखा, बिलांची संख्या, बिलांतल्या ओळींची संख्या, करपात्र रक्कम, कर, राउंड-ऑफ, एकूण. डावीकडे मूळ डेटाबेसचे आकडे, उजवीकडे वेअरहाउसचे, शेवटी फरक. डेटा न्यायची पाइपलाइन नंतर झाली, हे टेबल आधी झालं. ह्या कामात मी एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगू शकत असेन तर ती हीच: ताळ्याचं टेबल पाइपलाइनच्या आधी बनवा. नंतर बनवलं की त्यात तेवढंच तपासलं जातं जेवढं पाइपलाइनला जमतं.

पहिला मार्ग सगळे घेतात तोच घेतला. प्रत्येक टेबलात ‘शेवटचा बदल केव्हा’ असा कॉलम होता. रोज रात्री कालच्या वेळेनंतर बदललेल्या ओळी उचलायच्या, जेडीबीसी ड्रायव्हरने (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्याने) वाचायच्या आणि वेअरहाउसमध्ये टाकायच्या. स्वस्त, सोपं, विक्रेत्याची परवानगीही फारशी लागत नाही.

रकमा जमल्या. पहिल्या आठवड्यात पैशांचे फरक येत होते, ते अचूक दशांश ठेवणारा डेसिमल कॉलम वाटेत अंदाजे दशांश ठेवणारा फ्लोट होत होता म्हणून. चार-पाच पैसे सोडून देऊ, असं आमच्यातल्या एकाने सुचवलं तेव्हा काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की पुन्हा तो विषय निघाला नाही. पलीकडे न्यूमेरिक हा अचूक प्रकार ठेवला आणि ते मिटलं.

पण एक्स्पायरीचा रिपोर्ट गोदामात गेला आणि तिथल्या मॅनेजरनी तो परत पाठवला. त्यांनी यादीतल्या एका बॅचवर बोट ठेवलं. “मॅडम, हे गोळ्यांचे पत्ते रॅकवर नाहीत. लाल क्रेटमध्ये आहेत. एक्स्पायर होऊन आलेला माल आहे हा, विकायचा कुठून?”

बिलाच्या टेबलात ‘प्रकार’ नावाचा कॉलम होता. ० म्हणजे विक्री, १ म्हणजे चांगल्या मालाचा परतावा, २ म्हणजे एक्स्पायरी आणि ब्रेकेजचा परतावा. चांगला माल परत साठ्यात चढतो, एक्स्पायरीचा चढत नाही. आता हा कॉलम टाइनीइंट, म्हणजे छोटा पूर्णांक, आणि कंसात १. मायएसक्यूएलच्या जेडीबीसी ड्रायव्हरची मूळ सेटिंग अशी असते की टाइनीइंट कंसात १ दिसला की तो त्याला हो-नाही असा बूलियन समजतो. शून्य म्हणजे नाही, बाकी सगळं हो. म्हणजे १ पण हो आणि २ पण हो. एक्स्पायर झालेले पत्ते वेअरहाउसमध्ये गुपचूप विक्रीयोग्य साठ्यात जाऊन बसले. एरर कसली? एकही नाही. ताळ्यातही फरक शून्य, कारण दोन्ही परताव्यांची रक्कम वजाच असते आणि ताळ्यात प्रकाराचा रकाना नव्हता. सेटिंगची एक ओळ बदलली, जुना डेटा पुन्हा नेला, आणि काकांच्या टेबलात ‘प्रकार’ हा रकाना वाढला. तेव्हापासून गोदामातून कुणी काही बोललं की आधी ते ताळ्यात कसं पकडता येईल हेच बघतो.

मग वेळेचा घोळ. बिलिंगच्या सर्व्हरवर वेळ भारतीय, पण कॉलम नुसता डेटटाइम, म्हणजे टाइमझोनचा पत्ता नाही. पाइपलाइनने ती वेळ यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ, आहे असं धरलं, आणि रिपोर्टने ती भारतीय वेळेत आणायला वर साडेपाच तास मिळवले. संध्याकाळी सातचं बिल रात्री साडेबाराचं झालं, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं. अ‍ॅपच्या पोस्टग्रेसमध्ये वेळ यूटीसीत नीट साठवलेली होती, पण रिपोर्टने दिवस यूटीसीनेच कापला. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाचमधल्या ऑर्डरी आदल्या दिवसात गेल्या. एक डेटाबेस पुढे झुकलेला, दुसरा मागे. महिन्याची बेरीज घेतली की दोन्हीकडचं बरंचसं एकमेकांत जिरायचं आणि ठीक वाटायचं. रोजचा ताळा नसता तर हे ३१ मार्चला कळलं असतं. त्या संध्याकाळी साडेसहानंतर काउंटरवर जी झुंबड असते, ती सगळी बिलं पुढच्या आर्थिक वर्षात गेली असती. काकांना हे उदाहरण सांगितलं तेव्हा ते पाणी प्यायले. आता हिशेबाच्या रिपोर्टमध्ये वेळेवरून तारीख काढतच नाही. बिलावर छापलेली तारीख स्वतंत्र कॉलममध्ये असते, तीच चालते. वेळ फक्त गाडी किती वाजता सुटली हे बघायला.

एवढं झाल्यावरही ताळ्यात एक फरक उरायचा. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा, आणि नेहमी वेअरहाउसकडे जास्त. तो शोधताना जे सापडलं त्यासाठी हा लेख लिहितेय असं म्हटलं तरी चालेल.

केमिस्टचा फोन येतो, “त्या अँटिबायोटिकचे दहा पत्ते काढा हो बिलातून.” काउंटरवरचा मुलगा गाडी सुटायच्या आत ती ओळ काढतो. बिलिंग सॉफ्टवेअर ती ओळ सरळ डिलीट करतं. ‘रद्द’ असा शिक्का मारून ठेवत नाही. आता ‘कालनंतर बदललेल्या ओळी द्या’ असं विचारलं तर काढून टाकलेली ओळ कशी येणार? ती तिथे नाहीच. मधल्या काळात ती वेअरहाउसमध्ये पोचली असेल तर कायमची तिथेच राहते. न विकलेले दहा पत्ते आमच्याकडे विकलेले.

ह्याच मार्गात आणखी दोन भोकं होती, ती ओघात सांगते. एक म्हणजे विक्रेत्याची सपोर्टची माणसं कधी कधी ‘बॅकएंडला जाऊन’ आकडा दुरुस्त करतात. बदलाची वेळ सॉफ्टवेअर लिहितं, डेटाबेस नव्हे, म्हणून हाताने केलेल्या दुरुस्तीची वेळच बदलत नाही. दुसरं जास्त फसवं. मोठ्या कंपनीच्या खरेदीची आयात सुरू होते, ओळींवर १०:०१ ची वेळ पडते, पण ट्रान्झॅक्शन कमिट, म्हणजे पक्कं, होतं १०:०६ ला. आमचं वाचन १०:०५ ला झालं. तेव्हा त्या ओळी दिसत नव्हत्या, आणि पुढच्या वेळी आपण १०:०५ च्या पुढचंच मागतो. त्या ओळी दोन्ही वेळांना हुकल्या. दर वेळी थोडं मागे जाऊन वाचणं हा त्यावरचा तात्पुरता उपाय. डिलीटला मात्र तोही लागू पडत नाही.

तेव्हा टेबलं वाचायची सोडून लॉग वाचायचा निर्णय घेतला. मायएसक्यूएल प्रत्येक बदल बिनलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहू शकतं: कुठली ओळ आली, कुठली बदलली, आधी काय होती, नंतर काय झाली, कुठली गेली. ह्याला सीडीसी म्हणतात, चेंज डेटा कॅप्चर. ५.७ मध्ये बिनलॉग मुळात बंदच असतो. तो चालू करायला सेटिंगमध्ये सर्व्हरला एक आयडी द्यावा लागतो आणि सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. विक्रेत्याचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: “हे एएमसीत बसत नाही.” (एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार.) दुसरी हरकत खरी होती. वाचणाऱ्या युजरला जो हक्क द्यायचा त्याच्या नावात ‘रेप्लिकेशन’ (प्रत बनवणं) आहे, त्यामुळे त्यांना वाटलं आम्ही त्यांच्या डेटाबेसवर काहीतरी लिहिणार. त्यांच्या सरांना बसवून दाखवलं की ह्या हक्काने लॉग फक्त वाचता येतो. रविवार मिळाला. लॉग सात दिवस ठेवायचा हेही त्याच वेळी ठरवलं, कारण ५.७ ला काही सांगितलं नाही तर तो जुने लॉग कधीच पुसत नाही आणि एक दिवस डिस्क भरते. सातच का? दिवाळीत ऑफिस बंद असताना वाचणारा प्रोग्रॅम पडला तरी परत आल्यावर त्याला राहिलेलं सगळं मिळायला हवं. लॉग पुसला गेला की मधलं कायमचं हुकतं, आणि सगळी टेबलं पुन्हा पहिल्यापासून न्यावी लागतात.

लॉग वाचायला डेबेझियम हा प्रोग्रॅम घेतला. तो बहुतेक ठिकाणी काफ्काबरोबर, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या एका यंत्रणेबरोबर, वापरतात. आमच्या आकाराच्या दुकानाला काफ्का सांभाळणं म्हणजे मुंजीला मांडव जरीचा. डेबेझियम सर्व्हर नावाचा प्रकार काफ्काशिवाय चालतो, तो घेतला, पुढे पबसब ही गूगलची संदेश नेणारी सेवा, आणि तिथून बिगक्वेरी. पहिली पूर्ण प्रत रात्री काढली, एकाच सुसंगत ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि त्या क्षणी लॉग कुठल्या फाइलमध्ये कुठल्या जागी होता ते टिपून घेतलं. तिथून पुढचे बदल प्रतीवर चढवत न्यायचे. अशी लांबलचक ट्रान्झॅक्शन चालू असते तोवर इनोडीबीला जुन्या आवृत्त्या पुसता येत नाहीत, म्हणून ती कामाच्या वेळेत कधी करू नये.

वेअरहाउसमध्ये आलेला प्रत्येक बदल आधी एका कच्च्या टेबलात जसाच्या तसा पडतो. तिथे काही पुसायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही. त्यावरून दर पंधरा मिनिटांनी मर्ज चालवून, म्हणजे बदल एकत्र लावून, ‘आत्ताची स्थिती’ दाखवणारं टेबल बनतं. काही बिघडलं तर हे टेबल फेकून कच्च्यावरून पुन्हा बनवता येतं, हे सुख जुन्या पद्धतीत नव्हतं.

आता ताळा जमेल असं वाटलं. बिलांची संख्या जमली. रक्कम जमली. ओळींची संख्या? पुन्हा वेअरहाउसकडे जास्त.

ह्याने मात्र आम्हाला खरंच चक्रावलं. एकेक ओळ पकडून बघितली तेव्हा दिसलं की त्या सगळ्या ओळी अशा बिलांच्या आहेत जी बिलंच आता अस्तित्वात नाहीत. कच्चं बिल पूर्ण रद्द झालं होतं, बिलाच्या डोक्याचा, म्हणजे मुख्य नोंदीचा, डिलीट लॉगमधून आलाही होता, पण त्याखालच्या ओळींचा डिलीट आलाच नव्हता. कारण विक्रेत्याने टेबलं बांधताना फॉरेन की वर (दोन टेबलांना जोडणाऱ्या दुव्यावर) कॅस्केड लावलेला: बिल गेलं की त्याच्या ओळी आपोआप जाव्यात. ते आपोआप जाणं इनोडीबी आतल्या आत करतं आणि बिनलॉगमध्ये लिहीत नाही. मायएसक्यूएलची दुसरी प्रत असती तर तिनेही तेच आतल्या आत केलं असतं, म्हणून त्यांच्या दृष्टीने लिहायची गरजच नाही. वेअरहाउसमध्ये फॉरेन की नाही, कॅस्केड नाही. त्यामुळे बिल मेलं आणि ओळी पोरक्या जिवंत राहिल्या. रकमेचा ताळा बिलाच्या डोक्यावरून घेतलेला, म्हणून तो जमत होता. काकांनी ओळींची संख्या हा रकाना आखलाच नसता तर ही गोष्ट आजतागायत आमच्या एक्स्पायरीच्या आकड्यांत बसलेली असती. उपाय सोपा होता: बिलाचा डिलीट दिसला की त्याच्या ओळीही आपणच काढायच्या. आणि डेटाबेसात कॅस्केड आणखी कुठे कुठे आहे ह्याची यादी स्कीमावरून, म्हणजे टेबलांच्या आराखड्यावरून, काढली. पाच ठिकाणी निघाला.

पोस्टग्रेसचं प्रकरण त्यामानाने सुटसुटीत, फक्त तिथला धोका उलटा आहे. मायएसक्यूएल ठरवलेले दिवस संपले की तुम्ही वाचलं की नाही ह्याची फिकीर न करता लॉग पुसतं. पोस्टग्रेसमध्ये वाचणाऱ्यासाठी रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे त्याने कुठवर वाचलं ह्याची खूण, असतो, आणि तो वाचत नाही तोवर पोस्टग्रेस त्याच्यासाठी लॉग राखून ठेवतं, मूळ सेटिंगमध्ये कितीही. चाचणीसाठी काढलेला एक स्लॉट काम झाल्यावर तसाच राहिला, आणि ऑर्डर अ‍ॅपच्या डिस्कचा आलेख चढत चालला. डिस्क भरली असती तर रिपोर्ट राहिले बाजूला, केमिस्टच्या ऑर्डरीच बंद पडल्या असत्या. अलार्म वेळेत वाजला. १३ व्या आवृत्तीपासून ह्या साठ्याला कमाल मर्यादा घालता येते, ती घातली. मर्यादा ओलांडली तर आमचा स्लॉट निकामी होईल आणि प्रत पुन्हा काढावी लागेल, पण ऑर्डरी चालू राहतील. ह्यात काय आधी हे ठरवायला मीटिंग लागली नाही.

मग आली २१ सप्टेंबर २०२५ ची रात्र. रविवार, सर्वपित्री अमावास्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि त्याच दिवसापासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के होणार होता, काही गंभीर आजारांवरच्या औषधांवरचा तर शून्य. विक्रेत्याने स्क्रिप्ट तयार ठेवली होती. मध्यरात्र उलटल्यावर ती चालली. आधी १२ असलेली सगळी प्रॉडक्ट्स ५ वर, मग यादीप्रमाणे काही शून्यावर. अपडेट दोनच, पण लॉग ओळीनिहाय लिहिला जातो, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक प्रॉडक्टची एक एक नोंद धो धो येऊ लागली. रीडर मागे पडला, पण अर्ध्या तासात त्याने गाठलंही.

खरी अडचण सोमवारी सकाळी. एका रिपोर्टमध्ये अ‍ॅपवरच्या जुन्या ऑर्डरींची करासकट किंमत होती. अ‍ॅप ऑर्डरीच्या ओळीत फक्त मूळ दर आणि नग ठेवतं, कराचा टक्का प्रॉडक्टच्या मास्टरमधून, म्हणजे मुख्य यादीतून, घेतं. मास्टरमध्ये आता ५. त्यामुळे मागच्या वर्षीच्या सगळ्या ऑर्डरी एका रात्रीत स्वस्त झाल्या. मूळ डेटाबेसच्या दृष्टीने ह्यात काहीच गैर नाही. त्याला उद्याचं बिल बरोबर काढायचंय, कालचा टक्का त्याच्या कामाचा नाही.

आमच्याकडे मात्र कच्चं टेबल होतं. लॉगमधल्या बदलाच्या प्रत्येक नोंदीत आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा दोन्ही असतात, त्यामुळे प्रत्येक प्रॉडक्टचा इतिहास बांधता आला: हा टक्का ह्या तारखेपासून ह्या तारखेपर्यंत. जुन्या ऑर्डरी त्या दिवशीच्या टक्क्याला जोडल्या. त्यातही एक खोच निघाली. शून्यावर गेलेली औषधं मधली काही मिनिटं ५ टक्क्यांवर होती, आणि इतिहासात ती काही मिनिटंही इमानदारीने नोंदली गेली होती. तारखेनुसार जोडताना त्या दिवसाची शेवटची नोंद घ्यायची, असा नियम केला. लॉग वाचायला सुरुवात करण्याआधीच्या काळाचा इतिहास आमच्याकडे नाही, तिथे बिलाच्या ओळीत छापलेला टक्का घेतो.

काकांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला. आता १२ टक्क्याने विकलेला माल ऑक्टोबरात परत येईल, त्याचं काय? क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने निघते. म्हणजे परताव्याची ओळ परत आलेल्या तारखेच्या टक्क्याला जोडून चालणार नाही, मूळ बिलाला जोडायला हवी. एक्स्पायरीचा माल सहा-आठ महिन्यांनीही येतो, त्यामुळे दोन्ही टक्के बराच काळ एकमेकांत मिसळून चालले. ह्यासाठी ताळ्यात आणखी एक रकाना: कर, टक्केवारीनिहाय.

ताळा आता रोज पहाटे चालतो. चालू दिवस तपासत नाही, कारण मूळ डेटाबेस आपण मोजत असतानाच हलत असतो. बंद झालेले मागचे पंचेचाळीस दिवस तपासतो, कारण मागच्या तारखेच्या बिलात दुरुस्ती करणं हा ह्या धंद्याचा स्थायीभाव आहे. त्याआधीचं महिन्यातून एकदा. फरक शून्य नसेल तर डॅशबोर्डवर त्या शाखेचा आकडा दिसतच नाही, ‘ताळा बाकी’ एवढंच येतं. शेठना हे सुरुवातीला रुचलं नव्हतं. अंदाजे आकडा तरी दाखवा, असं ते म्हणत. काकांनी त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण तो आग्रह थांबला.

काही गोष्टी मुद्दाम नेल्या नाहीत. केमिस्टचे मोबाइल नंबर, पॅन, घरचे पत्ते वेअरहाउसमध्ये येतच नाहीत, ते कॉलम रीडरच्या सेटिंगमध्येच वगळलेत. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण त्याहून साधं कारण असं की रिपोर्ट बघणाऱ्या कुणालाही त्यांची गरज नाही. पार्टीची ओळख ड्रग लायसन्सवरून ठेवावी असा विचार होता, तो सोडला. दुकानाची मालकी बदलली की २० आणि २१ फॉर्मचं लायसन्स नवं निघतं, आणि तेच दुकान दोन पार्ट्या होऊन बसतं. त्यासाठी हाताने जुळवलेलं एक टेबल आहे आणि ते सेल्सच्या मुलांनाच नीट ठेवता येतं.

शेठचा एक्स्पायरी रिपोर्ट सोमवारी सकाळी जातो. गोदामातले मॅनेजर त्यावर लाल क्रेटची खूण करून परत पाठवतात, आणि अधूनमधून त्यांचंच बरोबर निघतं.

सध्या बिलिंगचा सर्व्हर वर न्यायचं चाललंय. ५.७ वरून थेट ८.४ वर उडी मारता येत नाही, मध्ये ८.० वर थांबावं लागतं. ८.४ मध्ये लॉगची जागा विचारायची जुनी ‘शो मास्टर स्टेटस’ ही कमांड काढून टाकलीय, तिच्या जागी ‘शो बायनरी लॉग स्टेटस’ आहे. म्हणजे आमचा रीडरही त्याआधी नव्या आवृत्तीवर हवा, नाहीतर तो सुरूच होणार नाही. विक्रेता म्हणतो कुठलाही रविवार सांगा. काकांनी कॅलेंडरवर महिनाअखेरीचे सगळे रविवार आधीच खोडून ठेवलेत.